गुण आला तर सांगायचं नाही

देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. तिथल्या दमयंतीच्या अंगणात बुधवारी आणि रविवारी सकाळी चपलांची रांग लागायची. त्यात मुलांच्या चपला थोड्या, आयांच्याच जास्त. पोराचं अभ्यासात लक्ष लागत नाही, हे दुखणं पोराचं असलं तरी कळा आईलाच येतात. दहावीची परीक्षा जवळ आली की गर्दी वाढे. आंब्याला मोहोर आणि आमच्या अंगणाला आया एकाच सुमाराला येतात, असं दमयंतीचा नवरा दीपक म्हणायचा. तो मुंबईत एका सोसायटीचा पाण्याचा पंप आणि लिफ्ट सांभाळतो. सणासुदीला घरी येतो आणि असली मुक्ताफळं उधळून परत जातो.

औषध दमयंतीला सासूकडून आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. मुळात ते उशिरा बोलणाऱ्या बाळांसाठी होतं. पुढे वाडीत शाळा आली, शाळेमागून क्लास आले, क्लासमागून मोबाइल आला, आणि बोलणारी मुलंही ऐकेनाशी झाली. तेव्हा तेच औषध विद्यार्थ्यांचं लक्ष लागावं म्हणून चालू झालं. नियम मात्र जुनेच राहिले. उपाशीपोटी यायचं. देणारीने पैसा घ्यायचा नाही आणि झाडाचं नाव सांगायचं नाही. घेणारीने जाताना ‘येते’ म्हणायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की गुण आला तर सांगायला यायचं नाही. सांगितलं की गुण उतरतो. नाहीच आला, तर खुशाल परत या, असं दमयंती प्रत्येकीला बजावायची. बहुतेक जणी परत येत नसत.

जी परत आली नाही तिच्या पोराला गुण आला, असं दमयंती धरून चालायची. तिची सासूही तेच धरून चालत आली होती. यात लबाडी अजिबात नव्हती. देवापुढे ठेवायला म्हणून कुणी नारळ आणला, तर तोसुद्धा ती परत पाठवी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ मात्र झाकणारीलाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. तिचा विश्वास होता, आणि विश्वास असणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचं सुचत नाही.

आणि हिच्याच घरात सानवी होती.

सानवी म्हणजे दमयंतीची एकुलती एक लेक, यंदा दहावीला. अंगाने सडपातळ, कामाला चपळ, चित्रं छान काढणारी. पण भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबे. नजर चुलीच्या वर कुठेतरी लागलेली, पापण्या बारीक फडफडताहेत. हाक मारली तरी वळायची नाही. मग आपोआपच हात पुन्हा चालू होई आणि ती विचारी, “काय बोललीस, आये?” शाळेतही तेच. शिक्षक लिहायला सांगत तेव्हा तिच्या वहीत एक वाक्य अर्ध्यावर तुटलेलं असे आणि पुढचं भलतीकडूनच सुरू झालेलं. वर्गशिक्षक भिकाजी सरांनी पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, “मुलगी हुशार आहे, पण चित्त ठिकाणावर नाही. दमयंतीवैनी, अख्ख्या तालुक्याला औषध देता, मग घरात पण द्या की वाईच.” लोक हसले. सरांच्या मनात काही नव्हतं, पण ते हसू दमयंतीसोबत घरापर्यंत आलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. त्या रात्री तिने सानवीला पहिल्यांदा मारलं. नंतर मारायची सवयच झाली. मोबाइल काढून घेतला, खिडकीकडे पाठ करून बसवलं, ग्रामदेवतेला ओटी बोलली. सानवी रडायची, शपथा घ्यायची, “आये, माझा लक्ष असता गो, मग मध्येच काय होता ता माकाच कळत नाय.” हे वाक्य दमयंतीने कितीदा तरी ऐकलं. दर वेळी तिला ती सबब वाटली.

औषध द्यायला काय हरकत होती? हरकत एकच. हे औषध आपल्या रक्ताला लागत नाही, असं सासू मरताना सांगून गेली होती. दीपक नववीत दोनदा बसला तेव्हाच बहुधा हा नियम जन्माला आला असावा, पण ही शंका सांगणाऱ्याची आहे. दमयंतीच्या मनाला ती कधी शिवली नाही. पिकतं तिथं विकत नाही, अशी स्वतःची समजूत घालून ती दुसऱ्यांच्या पोरांना औषध देत राहिली. आपल्या पोरीच्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली.

सराव परीक्षा जवळ आली तेव्हा तिचा धीर सुटला. कुंपणापलीकडे चिमाकाकी राहायची. ती विधवा होती, मुलं मुंबईला, आणि सानवीवर तिचा जीव. दमयंतीने औषधाची बाटली आणि वाळलेली मुळी पदराखाली धरून तिच्या पडवीत नेली.

“काकी, तू दे तिला. तुझ्या हातान. तुझा-माझा रक्त एक नाय, तेव्हा लागेल.”

चिमाकाकीने मुळीकडे पाहिलं, मग दमयंतीकडे. “मी कधी कुनाला दिलेला नाय गो. चुकला-माकला तर?”

“काय चुकत नाय. सहाणेवर गव्हाएवढा उगाळायचा, मधातून द्यायचा. वर तेलाचा एक थेंब. आनि कुनाला बोलायचा नाय, माझ्याशीसुद्धा नाय. बोललीस की गुन गेला.”

चिमाकाकीने मान डोलावली. बुधवारी शाळेला जाताना आणि रविवारी सकाळी सानवी तिच्या पडवीत थांबू लागली.

फरक काही पडेना. भाकरी थापताना हात थांबतच राहिला. दमयंतीला वाटलं, मुळी मी खणलेली, तेल मी काढलेलं, म्हणून माझाच हात लागतोय की काय. मग वाटलं, मात्रा कमी पडतेय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण आई बुडायला लागली की ती काड्यांचा भाराच गोळा करते. आपल्या हाताने चालत नाही हे माहीत असूनही तिने सानवीच्या सकाळच्या पेजेत रोज औषध घालायला सुरुवात केली. हे चिमाकाकीला तिने सांगितलं नाही, कारण बोलायचं नव्हतं. तिकडे चिमाकाकीनेही गुण येत नाही असं पाहून मुळी जास्त उगाळायला घेतली होती, आणि बुधवार-रविवारचा नियम सोडून रोजच द्यायला लागली होती. तिनेही दमयंतीला सांगितलं नाही, कारण बोलायचं नव्हतं. दोन्हीकडची चव एकच आहे हे फक्त सानवीला कळत होतं. पण या औषधाबद्दल तोंड उघडायचं नाही, हे त्या घरात पोरीला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. ती मुकाट्याने दोन्ही गिळत राहिली.

उलट्या सुरू झाल्या तेव्हा दमयंतीला बरंच वाटलं. सासू म्हणायची, आतला मळ पडतो तेव्हाच डोकं मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी पेजही पोटात राहीना. सानवीला झोप लागेना, डोळे आत गेले, आणि तरी ती पुस्तक मांडीवर घेऊन बसली, कारण सराव परीक्षा उद्यावर आली होती. परीक्षेच्या सकाळी गणवेश घालून ती अंगणात उतरली आणि उभ्या उभ्याच ताठ होऊन पडली. हातपाय झाडायला लागले, दातखीळ बसली. दमयंतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नावाने हाका मारत राहिली. चिमाकाकी कुंपण ओलांडून धावत आली.

वाडीतल्या लवूने जीप काढली, चिमाकाकीही बरोबर बसली. देवरूखच्या डॉक्टरांनी सुई देऊन तिथूनच रत्नागिरीला पाठवलं. वाटेत हातखंब्याच्या अलीकडे सानवीचं अंग पुन्हा ताठ झालं. दमयंतीला वाटलं की आता संपलं. तिने देवाला पोरगी मागितली नाही, फक्त पुढचा श्वास मागितला.

रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात सानवीच्या हाताला सलाइन लागलं. डॉक्टरबाई वयाने लहान होती, पण घाईत नव्हती. तिने दोघींना पडद्याआड बोलावलं.

“काय खाल्लं होतं हिने?”

“पेज.”

“औषध काही? गोळी, काढा, झाडपाला?”

दमयंतीने चिमाकाकीकडे पाहिलं. चिमाकाकीने फरशीकडे पाहिलं.

“ताई, मी तुम्हाला रागवायला विचारत नाहीये,” डॉक्टर म्हणाली. “झटके थांबवायचं औषध मी देतेय, पण पोटात आधीच काय आहे ते मला माहीत नाही. मी अंदाजाने चाललेय. अंदाज चुकला तर मुलगी तुमची आहे.”

दमयंतीचं तोंड उघडेना. कुणाला हसू येईल, पण तिच्यापुढे त्या घटकेला काय होतं ते समजून घ्या. नाव फुटलं की आजवर दिलेल्या सगळ्यांचा गुण उतरेल, अशी सासूची ताकीद होती. त्या अंगणातून गेलेलं कुणी इंजिनियर झालं असेल, कुणी पोलिसात लागलं असेल, कुणी बारावीच्या पेपरावर वाकून बसलेलं असेल. एका शब्दासरशी त्या सगळ्या पोरांच्या डोक्यातून लक्ष निघून जाणार होतं. एका पोरीसाठी इतक्या आयांच्या पोटावर पाय द्यायचा, असंच तिला खरोखर वाटत होतं. पडद्यापलीकडे खाटेचा लोखंडी दांडा खडखडला. सानवीचा हात पुन्हा उडायला लागला होता.

चिमाकाकीने दमयंतीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिने पदराने दोन्ही कान झाकले आणि ती वऱ्हांड्यात निघून गेली. एका तरी कानावर ते नाव पडू नये, तेवढ्यापुरतं औषध शाबूत राहावं म्हणून.

“वेखंड,” दमयंती म्हणाली. “मालकांगोणीचा तेल. त्यात कढवलेली बांधावरची ब्राह्मी.”

सलाइनची गती बघणारी नर्स सहज म्हणाली, “वेखंड होय? ते आमच्याकडे बाळाच्या धुरीच्या सामानात मिळतं की दुकानात.” ती वाईट हेतूने बोलली नव्हती. दमयंती भिंतीला टेकून खाली बसली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ते एवढंच होतं, आणि डॉक्टर ते लिहूनही मोकळी झाली होती.

“किती देत होतात?”

दमयंतीने आपलं सांगितलं. मग चिमाकाकीला आत बोलावलं.  डॉक्टरने तिलाही विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी वाईच वाढवलेला. रोजच देत होतू.”

“रोज?” दमयंती म्हणाली. “काकी, रोज तर मी पन पेजेतून देत होतू.”

 मग चिमाकाकी आपल्याच तोंडावर मारून घ्यायला लागली आणि दमयंतीने तिचे हात धरले.

झटके थांबायला दुपार झाली. सानवी डोळे उघडून पहिलं काही बोलली असेल तर, “आये, पेपर गेला काय गो?” दमयंतीला रडूच आवरेना. दीपक मिळेल त्या गाडीने मुंबईहून आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला एकही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सानवीच्या डोक्याला तारा लावून कागदावर आलेख काढला. डॉक्टरने दोघांना बसवून सांगितलं. ताठ होऊन पडली ते उलट्यांनी अंगातलं मीठपाणी गेल्यामुळे आणि झोप नसल्यामुळे असावं. पण आधीपासून मध्येमध्ये हात थांबायचा, नजर लागायची, तेही झटकेच. लहान, उभ्या उभ्या येणारे.

“तेवढा वेळ ती तिथे नसतेच. लक्ष देत नाही असं नव्हे. हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही. ओरडून, मारून काय होणार?”

मारलं होतं हे डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं. दमयंतीने आपला उजवा हात पदराखाली घेतला. आपण पोरीला कशासाठी मारत होतो, हे आता तिला कळलं होतं. कळल्यावर माणसाने कुठे जायचं असतं, ते मात्र कळत नव्हतं.

“बरी होईल?” दीपकने विचारलं.

“गोळ्या चुकवायच्या नाहीत. बऱ्याच मुलांचे थांबतात. लवकर आणली असतीत तर सोपं गेलं असतं. आता बघू.” मग ती दमयंतीकडे वळली. “तुमच्याकडे मुलं येतात म्हणे. त्यांच्यात कुणाला असं व्हायचं का?”

“मी कधी विचारलेला नाय.”

“आणि तुमच्या औषधाने फरक पडायचा?”

“पडायचा की.”

“कोण सांगायचं?”

“सांगायचा नसता,” दमयंती म्हणाली.

“ब्राह्मीवर अभ्यास चाललेत,” डॉक्टर म्हणाली. “थोडाफार उपयोग होतही असेल. मी नाही म्हणत नाही, मला नक्की ठाऊक नाही. पण कळायचं तर ज्यांना दिलं त्यांना परत बोलवून बघावं लागतं ना. नाहीतर कसं कळणार?”

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेली. दमयंती तिथेच बसून राहिली. तिला एक बाई आठवली. पावसाळी सकाळी आली होती, म्हणाली होती, पोर जेवता जेवता ताटाकडेच बघत राहतं, घास हातात तसाच. दमयंतीने त्या पोराला मधातून मुळी चाटवली होती आणि ती बाई परत आली नव्हती. तिला दमयंतीने गुण आलेल्यांत धरलं होतं. ते पोर साखरप्याचं होतं की निवळीचं, तेसुद्धा आठवेना, कारण नाव-गाव विचारायची पद्धतच नव्हती. अशी किती? आयुष्यभर ज्या शांततेला ती यश समजत आली, ती नुसती शांतता होती. तिच्या मनात आलं, आता प्रत्येक वाडीत जाऊन दारं ठोठावावीत. पण कुणाची?

सानवी घरी आली. गोळ्यांनी ती दिवसा झोपायची, बोलताना शब्द शोधायची. सराव परीक्षा गेली होती, मुख्य परीक्षेला बसेल की नाही याचा भरवसा नव्हता. एका सकाळी पडवीत चित्र काढता काढता तिची पेन्सिल थांबली. दमयंती भांडं टाकून तिच्याजवळ जाऊन बसली. हाक मारली नाही. नजर परत येईपर्यंत नुसती बसून राहिली. “काय बोललीस, आये?” सानवीने विचारलं. “काय नाय, बाय,” दमयंती म्हणाली.

तो रविवार होता. अंगणात चपला वाजल्या. संगमेश्वराकडची कुणी बाई होती, बरोबर शाळकरी मुलगी. दमयंतीच्या अंगणात गेले दोन-तीन रविवार लोक येऊन परत जात होते, पण या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

“औषध बंद झाला,” दमयंती म्हणाली. “नाव फुटला त्याचा.”

“असं नका करू, वैनी. परीक्षा तोंडावर आलीय. माझ्या नणंदेच्या मुलाला तुमच्याच हाताने गुण आला.”

“नणंद बोलली तसा?”

“नाही, बोलायचं नसतंच ना. परत आली नाही म्हणजे आलाच असेल.”

दमयंती तिच्या जवळ गेली. “ता पोर जेवताना थांबता काय? हातात घास तसाच धरून?”

बाई एक पाऊल मागे सरली. “मला काय माहीत? आम्ही एकमेकींकडे जात नाही फारसं.”

“मग हिचा सांग. हाक मारलीस तर वळते?”

“कधी वळते, कधी नाही. मोबाइलचं वेड, दुसरं काय.” बाईने पोरीला जवळ ओढलं. “वैनी, मी मारलं हो हिला काल. मला काही सुचत नाही. जे असेल ते द्या.”

दमयंतीने तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, की रत्नागिरीला घेऊन जा, डोक्याच्या डॉक्टरला दाखव, मारू नको, घरात हिचं थांबणं नीट बघ. बाई ऐकत होती, मान हलवत होती. पण तिच्या डोळ्यांत दमयंतीला ओळखीचं काही दिसलं. ती शब्द ऐकत नव्हती, औषध घेत होती. दमयंती बोलायची थांबली तशी बाईने पोरीच्या पायात चपला सरकवल्या, ‘येते’ म्हटलं नाही आणि पाखाडीच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरायला लागली.

दमयंती अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत धावली. “गो बाय, दाखवून झाला की सांगायला ये. गुन आला तरी ये, नाय आला तरी ये. ऐकलंस काय?”

पोरीने मान वळवायला घेतली, तशी आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून ती सरळ केली. दोघी वळणावर दिसेनाशा होईपर्यंत दमयंती हाका मारत राहिली.